ज्यांचे फोन लागत नाहीत त्यांना मोजायचं कसं? (महासाथ, दुर्बल घरं आणि संशोधन)

निशिगंध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

२०२० मध्ये मी एका पाहणीसाठी फोनवरून मुलाखती घ्यायचे. घरकाम करणाऱ्या, फेरीवर माल विकणाऱ्या, घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांची घरं होती, सहाशेच्या आसपास. काम सुटलं का, घरात किती दिवसांचं खायला आहे, उसने घेतले का, मुलांचा अभ्यास कसा चाललाय, असे प्रश्न असायचे. आता पीएचडीसाठी त्याच घरांकडे परत जातेय. साथ ओसरल्यावर त्यांच्या आयुष्यात कायमचं काय बदललं, हा विषय.

जी घरं पुन्हा सापडली त्यांची स्थिती कागदावर चांगली दिसते. बहुतेकांचं महिन्याचं उत्पन्न २०१९ च्या आसपास परत आलंय. विभागात सगळे म्हणतात, 'घरं सावरली' हा स्पष्ट निष्कर्ष आहे, लिहून टाक.

माझा हात थांबतोय, कारण यादीतले जवळपास एक तृतीयांश नंबर लागतच नाहीत. काही बंद आहेत, काहींवर भलताच माणूस बोलतो. आणि माझी २०२० ची वही अजून माझ्याकडे आहे. या न लागणाऱ्या नंबरांसमोर समासात मी तेव्हा काय काय लिहून ठेवलंय: 'रिचार्ज संपत आलाय', 'घरमालक खोली सोडा म्हणतोय', 'फोन शेजारणीचा आहे'. ज्यांचं सगळ्यात जास्त बिघडलं तेच माझ्या आकड्यांतून गळालेत अशी मला जवळजवळ खात्री वाटते. पण खात्री वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हेही कळतं.

ही गळती प्रामाणिकपणे कशी मांडायची? हरवलेल्यांना शोधत जाणं योग्य आहे का? आणि मुळात 'सावरली' म्हणजे काय मोजायचं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

*

दशमान

निशिगंध, समासातल्या नोंदी फेकू नका. आत्ता तुमच्याकडे त्याहून मोलाचं काहीच नाही. नमुना निवडणं, भार देणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आधी सापडलेली आणि हरवलेली घरं २०२० च्या उत्तरांवर शेजारी शेजारी ठेवून बघा. भाड्याची खोली, कर्ज, स्वतःचा फोन, घरात किती माणसं. दोन्ही गट सारखे निघाले तर गळतीची चिंता थोडी कमी होते. तुमच्या वर्णनावरून ते सारखे निघणार नाहीत.

मग लोक सांगतील, भार देऊन दुरुस्त करा. म्हणजे हरवलेल्यांसारख्या दिसणाऱ्या, पण सापडलेल्या घरांना हिशोबात जास्त वजन द्या. हे करा, पण त्यावर विसंबू नका. दोन घरं धरा. दोन्ही भाड्याची, दोन्ही कर्जात. एकाला घरमालकाने सांभाळून घेतलं, दुसऱ्याला बाहेर काढलं. भार देता तेव्हा पहिलं घर दुसऱ्याच्या वतीने बोलायला लागतं, आणि जो फरक तुम्हाला शोधायचाय तोच त्यात पुसला जातो. भार देऊन फक्त आपल्याला आधीपासून ठाऊक असलेले फरक दुरुस्त होतात.

याला एक जुना इलाज आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्यातले मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये तो मांडला. तेव्हा पोस्टाने प्रश्नावल्या पाठवायचे आणि बरेच लोक उत्तरच द्यायचे नाहीत. त्यांनी सुचवलं की उत्तर न देणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून थोडे लोक निवडा आणि त्यांच्या घरी माणूस पाठवा. सगळी ताकद त्या थोड्यांवर लावा. ते सापडले की उरलेल्या न बोलणाऱ्यांबद्दल तुम्ही आधाराने बोलू शकता.

म्हणून हरवलेल्या सगळ्यांच्या मागे धावू नका. त्यांतली चाळीस घरं चिठ्ठीने निवडा आणि ती जिवापाड शोधा. चिठ्ठीनेच, हे महत्त्वाचं. जी सहज मिळतील ती घेतलीत तर पुन्हा त्याच खड्ड्यात पडाल.

आणि शेवटी एक आकडा लिहू नका. हरवलेली सगळी घरं सावरली असं धरून एक हिशोब करा, एकही सावरलं नाही असं धरून दुसरा. उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, असं स्पष्ट लिहा. पट्टा रुंद आला तर येऊ दे.

*

जुनी_पानं

हरवलेले लोक मोजणं हा महासाथींच्या अभ्यासातला फार जुना प्रश्न आहे. 'जादा मृत्यू' ही कल्पना घ्या. १८४७ मध्ये लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी फक्त त्या रोगाच्या नावावर नोंदलेले मृत्यू मोजले नाहीत. एरवी जितके मृत्यू झाले असते त्याहून किती जास्त झाले, हे पाहिलं. पावणेदोनशे वर्षांनी आपण तेच करतोय. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरात कोविडचे म्हणून नोंदलेले मृत्यू ५४ लाखांच्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये जादा मृत्यूंचा अंदाज दिला, तो १ कोटी ४९ लाखांच्या आसपास. मधल्या फरकात कोविडने गेलेले पण नोंद न झालेले आहेत, आणि दुसऱ्या आजाराने आजारी पडून उपचार न मिळालेलेही आहेत.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीबद्दल अनेकदा ऐकलंय की तिने गरीब-श्रीमंत असा भेद केला नाही. हे ऐकलं की मला राग येतो. जिथे जिथे समाजगटांनुसार नोंदी झाल्या तिथे तिथे भेद लख्ख दिसतो. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळनिवासी माओरींचा मृत्युदर गोऱ्यांच्या कित्येक पट होता. मुंबई शहराच्या तेव्हाच्या आकड्यांत युरोपियनांमध्ये हजारी ८ च्या आसपास मृत्यू आहेत, आणि ज्यांना तेव्हा 'खालच्या जातीचे' म्हणून नोंदलं जाई त्यांच्यात हजारी ६१ च्या वर. विषाणू एकच होता. हवा, गर्दी, पोटातलं अन्न आणि आजारपणात अंग टाकायची सोय मात्र वेगवेगळी होती.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांची गोष्ट तर जरूर ऐका. नोव्हेंबर १९१८ मध्ये न्यूझीलंडच्या ताब्यातल्या पश्चिम सामोआत आजारी प्रवासी घेऊन आलेल्या जहाजाला बंदरात येऊ दिलं. काही आठवड्यांत लोकसंख्येचा पाचवा हिस्सा गेला. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी जहाजांवर कडक विलग्नवास (क्वारंटाइन) लावला होता, तिथे एकही मृत्यू झाला नाही. समुद्र तोच, लोक तेच, नातीगोतीसुद्धा एकमेकांत.

दीर्घ परिणामांबद्दल अर्थतज्ज्ञ डग्लस आल्मंड यांचा २००६ चा अभ्यास बघा. १९१८ च्या साथीत आईच्या पोटात असलेली अमेरिकेतली मुलं त्यांनी पुढच्या जनगणनांतून शोधली. आगेमागे जन्मलेल्यांपेक्षा त्यांचं शिक्षण आणि कमाई कमी, अपंगत्व जास्त. पण नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्याच काळात पहिल्या महायुद्धासाठी पुरुषांची भरती चालू होती, त्यामुळे त्या मुलांचे बाप सरासरी बापांपेक्षा वेगळे होते. परिणामाचा काही भाग साथीचा नसून घरांच्या मूळ परिस्थितीचा असू शकतो. तुमच्या कामालाही हाच धोका आहे.

*

सरळरेषा

जुनी_पानं यांचा शेवटचा परिच्छेद पुढे नेतो, आणि थोडं कडक बोलतो. 'महासाथीचा परिणाम' हा शब्दप्रयोगच मला ढोबळ वाटतो. त्यात निदान तीन गोष्टी गुंतल्यात. आजारपण आणि मृत्यू ही एक. हालचालींवरची बंधनं ही दुसरी. आणि दूर कुठेतरी आटलेली मागणी ही तिसरी. नगावर शिवण करणाऱ्या बाईचं काम तिच्या गल्लीत एकही रुग्ण नसताना बंद पडलं, कारण मार्च २०२० मध्ये परदेशातल्या मोठ्या खरेदीदारांनी तयार कपड्यांच्या ऑर्डरी रद्द केल्या. तिचं नुकसान 'लॉकडाउनचं' म्हणून लिहिलंत तर उद्या धोरण ठरवणारा चुकीच्या ठिकाणी पट्टी बांधेल.

दुसरं म्हणजे, तुलनेसाठी साथ न लागलेलं गाव कुठून आणणार? जग सगळंच भिजलेलं.

*

दशमान

@सरळरेषा, न भिजलेलं गाव नसलं तरी कमी भिजलेलं असतं. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशाचं उदाहरण बघा. ब्रॅक या संस्थेने किशोरवयीन मुलींसाठी गावोगावी क्लब सुरू करायचं ठरवलं. बसायला सुरक्षित जागा, थोडं शिक्षण, थोडं कौशल्य. कोणत्या गावांत क्लब असेल हे चिठ्ठीने ठरलेलं. २०१४ च्या सुरुवातीला पहिली पाहणी झाली आणि लगेच इबोला आला. संशोधक २०१६ मध्ये परत गेले. इबोलाने काही गावं जास्त विस्कटली होती, काही कमी, त्यामुळे तुलना करता आली. जास्त विस्कटलेल्या, क्लब नसलेल्या गावांत शाळा बंद असताना मुलींचं गरोदर राहण्याचं प्रमाण वाढलं आणि शाळा उघडल्यावर कितीतरी मुली परतल्याच नाहीत. क्लब असलेल्या गावांत हे नुकसान बरंच टळलं.

*

अबोली

यात एक गोष्ट राहिली. सिएरा लिओनमध्ये गरोदर मुलींना शाळेत बसायलाच बंदी होती. ती मार्च २०२० मध्ये उठली, तीही आदल्या डिसेंबरात पश्चिम आफ्रिकी देशांच्या न्यायालयाने फटकारल्यावर. तेव्हा 'मुली परतल्या नाहीत' यातल्या कितींना परतू दिलं नाही, हेही विचारायला हवं. रोग आपलं काम करून जातो, पण दार आतून कडी लावून बंद कोण करतं ते शोधणं संशोधकाचं काम.

निशिगंध, मी हिंसाचाराला तोंड देणाऱ्या बायकांबरोबर काम करते. एक विनंती आहे. फोनवरच्या प्रश्नावलीत 'घरात मारहाण होते का' हा प्रश्न घालू नका. साथीच्या काळात अनेकांनी उत्साहाने घातला. मारणारा माणूस शेजारीच बसलेला असतो, फोन स्पीकरवर असतो किंवा नंतर 'काय विचारत होती?' म्हणून चौकशी होते. एप्रिल २०२० मध्येच यूएन विमेन (संयुक्त राष्ट्रांची महिलांसाठीची संस्था) आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सांगितलं होतं की बाईच्या सुरक्षेपुढे आकडेवारी दुय्यम आहे, नेहमीच्या पाहण्या तशाच फोनवर नेऊ नका.

आणि मदतवाहिनीवरचे फोन कमी झाले म्हणजे हिंसा कमी झाली, असं कधीही लिहू नका. आमच्याकडे सुरुवातीच्या आठवड्यांत फोन एकदम कमी झाले. आम्ही सुन्न झालो होतो. त्या बायकांना फोन करायला घरात कोपराच उरला नव्हता. बंधनं सैल झाली तसे फोन धो धो यायला लागले.

*

सांजवात

मी अपंगत्वाच्या क्षेत्रात काम करते. इंग्लंडमध्ये २०२० च्या जानेवारी ते नोव्हेंबर काळातले कोविड मृत्यू तपासले तेव्हा दर १० मृतांपैकी जवळपास ६ जण अपंग होते असं दिसलं. हे कळलं कसं? २०११ च्या जनगणनेत 'दीर्घ आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांवर मर्यादा येते का' हा प्रश्न होता, आणि मृत्यूच्या नोंदी त्याच्याशी जोडता आल्या. प्रश्न आधी विचारलेला नसता तर हे मृत्यू नुसते 'वयस्कर लोक' म्हणून विरून गेले असते.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीत वॉशिंग्टन ग्रुपचे (अपंगत्व कसं मोजायचं हे ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) सहा प्रश्न घाला. बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं, बोलून समजून घेणं, यांत किती अडचण येते एवढंच विचारायचं. 'अपंग' हा शब्द वापरायचा नाही. तो उच्चारला की निम्मी घरं 'आमच्याकडे कोणी नाही' म्हणतात, आणि आतल्या खोलीत आजी भिंतीला धरून चालत असते.

*

रोजंदार

मी मुलाखती घेणारा नाही. मुलाखत दिलेल्या घरातला आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

त्या वर्षी आमच्या घरी चार वेगवेगळ्या लोकांनी सर्वेसाठी फोन केला. आई बोलायची, मी शेजारी असायचो. आईला वाटायचं, मदतीच्या यादीत नाव घालायला फोन आलाय. समोरच्या बाईंनी सुरुवातीला काहीतरी वाचून दाखवलं होतं की याचा मदतीशी संबंध नाही, पण ज्याच्या घरी काम बंद आहे त्याला ते ऐकू येत नाही. पहिल्यांदा आईने खरं सांगितलं. दुसऱ्यांदा थोडं वाढवून सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगून काही आलं नव्हतं. तिसऱ्यांदा 'सगळं ठीक आहे' म्हणाली. चौथ्यांदा फोन उचलला नाही. आम्ही तिथेच राहत होतो, हरवलो नव्हतो.

आता तुमच्या 'सावरलं' या शब्दाबद्दल. आमच्या घरात आज जेवढे पैसे येतात ते साथीच्या आधीएवढेच आहेत. तुमच्या कागदावर आम्ही सावरलेले. पण तेव्हा एकटे वडील आणायचे ते आता वडील आणि धाकटा भाऊ मिळून आणतात. भाऊ नववीत होता. शाळा फोनवर आली, फोन एकच, तो वडिलांना काम शोधायला लागायचा. शाळा उघडली तोपर्यंत त्याला कामाची सवय झाली होती, आणि घराला त्याच्या पैशांची.

उत्पन्न किती हे विचारून काही कळणार नाही. ते कोण कोण मिळून आणतंय हे विचारा. आणि काय काय विकलं, कुठल्या क्रमाने विकलं, हे विचारा. आमच्याकडे आधी सायकल गेली, मग शिलाई मशीन. सायकल गेली तेव्हा आम्ही अडचणीत होतो. मशीन गेलं तेव्हा आईचा धंदाच संपला. या दोन्ही गोष्टी एका रकान्यात 'वस्तू विकली: होय' म्हणून बसतात.

*

सांजवात

रोजंदार, लिहिलंत हे फार बरं केलंत.

*

सरळरेषा

रोजंदार यांचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'ढोबळ' म्हणून मी ज्यावर बोट ठेवत होतो ते त्यांनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं.

मोठ्या आकड्यांतही हाच दोष आहे. एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेने अंदाज केला होता की परदेशी कामगारांनी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरी पाठवलेला पैसा त्या वर्षी २० टक्क्यांच्या आसपास घटेल. प्रत्यक्षात घट दोन टक्क्यांहूनही कमी निघाली. कुणी म्हणालं, बघा, गरीब किती चिवट असतात. पण प्रवास बंद झाल्याने हातोहात येणारा पैसा बँकेतून यायला लागला, म्हणजे आधी न मोजला जाणारा पैसा मोजला जाऊ लागला. शिवाय कितीतरी जणांनी तिकडे पोटाला चिमटा काढून, साठवलेलं मोडून पाठवलं. आकडा टिकला तो कुणाच्या अंगावर, हे त्या आकड्यात नाही.

निशिगंध, एक सुचवतो. 'साथीचा काय परिणाम झाला' असं विचारू नका. घरातल्या माणसांबरोबर बसून महिन्यांची पट्टी काढा. कोणत्या महिन्यात काम सुटलं, कधी आजारपण आलं, कधी पहिलं कर्ज, कधी खोली बदलली, कधी मुलाची शाळा सुटली. लोकांना तारखा आठवत नाहीत, पण 'भावाचं काम लागलं त्याच्या आधी की नंतर' हे पक्कं आठवतं. क्रम हाती आला की रोग, बंधनं आणि आटलेली मागणी यांचा गुंता थोडाफार सुटतो.

*

अबोली

त्या पट्टीत बायकांच्या न मोजलेल्या कामालाही जागा ठेवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशोबाने २०१९ ते २०२० मध्ये जगभरात बायकांचा रोजगार ४.२ टक्क्यांनी घटला, पुरुषांचा ३ टक्क्यांनी. पण 'काम सुटलं' म्हणजे ती रिकामी बसली असं नाही. शाळा बंद, आजारी माणूस घरात, सगळे तीन्ही त्रिकाळ घरी. तिचं काम वाढलं, मजुरी तेवढी बंद झाली. आणि मुलाखत एकाचीच घेऊ नका. आमचा अनुभव असा की पुरुष 'कर्ज नाही' म्हणतो तेव्हा बाईने शेजारणीकडून घेतलेले उसने पैसे त्याला ठाऊकच नसतात.

*

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण रोजंदार यांचा प्रतिसाद वाचून मी सापडलेल्या घरांचीच उत्तरं पुन्हा काढून बसले होते.

उत्पन्न आणि घरातले सदस्य हे दोन रकाने माझ्याकडे होते, पण कमावणारे किती हे मी कधी वेगळं काढलंच नव्हतं. कच्च्या नोंदींतून काढलं. 'सावरलेल्या' घरांपैकी पुष्कळ घरांत कमावणारी माणसं वाढलीत. आणि वाढलेल्यांत अठराच्या आतली मुलं आहेत. एवढे महिने हे माझ्या समोर होतं.

म्हणजे मी फक्त हरवलेल्यांची काळजी करत होते, आणि जे सापडले त्यांच्याबद्दलही चुकीचं लिहिणार होते.

आता असं ठरवलंय. हरवलेल्यांतून चिठ्ठीने चाळीस घरं. शोधताना शेजारी किंवा नातेवाइकांना पाहणीचा विषय सांगणार नाही, नुसता निरोप ठेवेन. ज्यांना सापडायचंच नसेल त्यांना तो हक्क आहे, कर्जापायी जागा सोडलेली माणसं असू शकतात. सापडलेल्या घरांतून काहींबरोबर महिन्यांची पट्टी. सहा प्रश्न घातले, हिंसेचा प्रश्न काढला. 'मदतीशी संबंध नाही' हे वाचून दाखवणार नाही, बोलून सांगणार, आणि शेवटी पुन्हा एकदा सांगणार. प्रबंधाचा सारांश घरोघरी बोलून पोचवायचा, यासाठी वेळापत्रकात दोन महिने मागितलेत. विभागात नाराजी आहे, पण नाही म्हटलेलं नाही.

आणखी एक सांगायचंय. वहीत एका नंबरासमोर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'आज बोलायचं नाही म्हणाल्या, उद्या फोन करा.' दुसऱ्या दिवशीच्या पानावर तो नंबर नाही. मी फोन केला नव्हता. त्या दिवसाचा कोटा पुरा झाला होता. चिठ्ठीत तो नंबर आलेला नाही, तरी तो मी लावणार आहे, हिशोबात न धरता.

*

रोजंदार

लावा. पण संध्याकाळी सातनंतर लावा. दिवसा कामावर फोन उचलू देत नाहीत. आणि अनोळखी नंबर म्हणजे वसुलीवाला असं वाटतं, म्हणून आधी एक मेसेज टाका, तुमचं नाव घालून.